कॅनव्हा उघडण्याआधी : किचकट माहिती लोकांना कळेल अशी कशी मांडावी

दर आठवड्याला कुणीतरी मला आपला तक्ता पाठवतं. कधी सोसायटीच्या पुनर्विकासाचा, कधी मंडळाच्या जमाखर्चाचा, कधी शाळेच्या फीचा. सोबत प्रश्न एकच, "जरा बघा ना, छान दिसतोय का?" दिसतो छानच. रंग असतात, चिन्हं असतात, कोपऱ्यात हसणारं कुटुंब असतं. फक्त तो वाचून पुढे काय करायचं ते कळत नाही.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. आधी कॅनव्हा (तयार साच्यांतून तक्ते-पोस्टर करायचं ॲप) उघडतात, मग साचा निवडतात, मग साच्यात जितके चौकोन तितकी माहिती कोंबतात. साच्यात सहा चौकोन होते म्हणून एकाने सहावा मुद्दा ओढूनताणून आणला होता, आणि नेमका तोच सगळ्यात ठळक छापला होता. या लेखात चित्र काढायची वेळ पाचव्या टप्प्यावर येते. तोवर कॉम्प्युटर बंद ठेवा.

उदाहरण शक्यतो एकच घेऊ. परळमधली ४८ घरांची जुनी इमारत, पुनर्विकासासाठी तीन बिल्डरांच्या ऑफर, आणि रविवारी सभा. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, घोळ मात्र सगळे पाहिलेले आहेत.

तयारी : आधी काय हाताशी हवं

कोरे ए-४ कागद, पेन्सिल, चिकटचिठ्ठ्यांचा एक गठ्ठा, कॅल्क्युलेटर. मूळ कागदपत्रांची झेरॉक्स, म्हणजे बिनधास्त खुणा करता येतात. आणि विषयातलं काहीही माहीत नसलेली तीन-चार माणसं. त्यांना आजच सांगून ठेवा की गुरुवारी दहा मिनिटं लागतील. हे शेवटावर ढकललं की होतच नाही, मग आपण घरातल्यांनाच दाखवतो आणि ते "मस्त" म्हणतात.

वेळेचा अंदाज: एका ए-४ पानासाठी दोन संध्याकाळी तयारीला, एक मांडणीला, एक तपासणीला. मांडणीला तयारीच्या निम्माच वेळ लागतो. तुमच्या बाबतीत उलट होत असेल तर तयारी अर्धवट झाली आहे असं समजा.

टप्पा १ : कागद खाली ठेवल्यावर वाचणारा काय करणार, ते एका वाक्यात लिहा

प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर आठवा. वेळ, गाडी कुठली, स्लो की फास्ट, बारा डबा की पंधरा डबा. एवढंच. मोटरमनचं नाव नाही, गाडीचा वेग नाही. कारण उभ्या माणसाला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: ही पकडायची की सोडायची, आणि पकडायची तर उभं कुठे राहायचं. इंडिकेटरवरचा प्रत्येक शब्द या दोन निर्णयांपैकी एकाच्या कामाचा आहे.

तसंच तुमचं वाक्य लिहा. "सभासदांना तिन्ही ऑफरची माहिती देणे" हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात वाचणारा काहीच करत नाही. हे चालेल: "२०३ मधल्या काकू रविवारच्या सभेत तीनपैकी एका ऑफरसाठी हात वर करणार आहेत, आणि संध्याकाळी मुलाला फोनवर त्याचं कारण सांगणार आहेत." मुलाला फोनवर सांगण्याचा भाग मी मुद्दाम घालते. जे कागद न बघता सांगता येतं, ते कळलेलं असतं.

वाक्याखाली आणखी दोन ओळी लिहा. कागद कुठे वाचला जाणार: लिफ्टशेजारी उभ्याने, घरी चष्मा लावून, की व्हॉट्सॲपवर? आणि वाचायला किती वेळ आहे? लिफ्ट येईपर्यंत अर्ध्या मिनिटात वाचायचा कागद वेगळा, सभेत तासभर हातात राहणारा वेगळा. दोन्हीची गरज असेल तर दोन कागद करा. एकावर भागवायला गेलात तर दोन्ही फसतील.

इशारा : वाचणारा "सर्व सभासद" असा लिहू नका. एक दार, एक माणूस डोळ्यांपुढे ठेवा. त्या इमारतीत सगळ्यात कमी शिकलेला माणूस निवडण्याचीही गरज नाही. सगळ्यात कमी वेळ असलेला निवडा.

टप्पा २ : माहिती गोळा करा, पण पत्ता लावून

प्रत्येक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात मूळ कागदाचा पान क्रमांक. "ऑफर ब, पान १४." हे कंटाळवाणं आहे, पण सभेत कुणी उठून "हे कुठे लिहिलंय?" विचारलं की याच कोपऱ्यातल्या आकड्यावर तुमची अब्रू टिकते.

कागदपत्रांइतकीच महत्त्वाची दुसरी रास म्हणजे लोकांचे प्रश्न. खाली बाकावर, जिन्यात, भाजीवाल्याजवळ तासभर घालवा आणि प्रश्न जसेच्या तसे, त्यांच्या शब्दांत उतरवून घ्या. "देवघराला जागा उरेल का?" "मधेच पळून गेला तर?" "भाडं आधी देणार की नंतर?" यातला दुसरा प्रश्न कुठल्याच बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत सापडत नाही, आणि सगळ्यांच्या मनात तोच असतो.

आता दोन्ही रास शेजारी ठेवा. ज्या प्रश्नासमोर चिठ्ठी नाही, तिथे कागदपत्रांत उत्तरच नाही. ते लेखी विचारून घ्या. ज्या चिठ्ठीसमोर प्रश्न नाही, ती बहुधा जाहिरात आहे. भव्य प्रवेशद्वार, योगा डेक, वगैरे.

टप्पा ३ : सगळं एकाच मापात आणा

घाई इथेच होते, आणि सगळ्यात महाग पडते. तिन्ही ऑफर आपापल्या सोयीच्या मापात बोलतात. आजचं घर ३८० चौरस फूट कार्पेट आहे असं धरू.

ऑफर अ म्हणते: ३५ टक्के जास्त जागा.
ऑफर ब म्हणते: ५६० चौरस फूट.
ऑफर क म्हणते: ४८ चौरस मीटर रेरा कार्पेट.

हे तीन आकडे आहेत तसे एका तक्त्यात टाकले की नजर ५६० वर जाते आणि ४८ बिचारा कोपऱ्यात पडतो. मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांत हेच झालेलं असतं. तक्ता नीटनेटका असतो, आकडे बरोबर असतात, आणि तुलना साफ खोटी असते.

आधी माप ठरवा. रेरा हा घरबांधणी व्यवसायाचा कायदा, आणि त्यात ठरवलेलं माप म्हणजे रेरा कार्पेट: घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंतींसकट. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि फक्त आपल्या वापराची उघडी गच्ची त्यात धरत नाहीत. सगळं या मापात आणू. ऑफर अ ला लेखी विचारून घेतलं की ३५ टक्के कशावर आणि कशात, उत्तर आलं आजच्या कार्पेटवर आणि रेरा कार्पेटमध्येच. म्हणजे ३८० चे ५१३. ऑफर ब चा नकाशा काढून पाहिला तर ५६० मध्ये ६२ फुटांची बाल्कनी धरलेली. ती वजा केल्यावर ४९८. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणून ऑफर क चे ४८ गुणिले १०.७६४, म्हणजे ५१७. आता पुन्हा वाचा:

ऑफर क : ५१७ चौ. फूट, आजच्यापेक्षा १३७ जास्त
ऑफर अ : ५१३ चौ. फूट, आजच्यापेक्षा १३३ जास्त
ऑफर ब : ४९८ चौ. फूट, आजच्यापेक्षा ११८ जास्त, शिवाय ६२ फुटांची बाल्कनी

सगळ्यात लहान दिसणारा आकडा सगळ्यात मोठा निघाला. बाल्कनी मी खोडली नाही, वेगळी दाखवली. कुणाला तुळस आणि कपड्यांच्या दोऱ्यांसाठी बाल्कनीच मोलाची वाटेल. ते ठरवणं त्यांचं काम आहे, आपण ती जागेत मिसळू द्यायची नाही, इतकंच.

काम चालू असताना बाहेर राहायला बिल्डर जे भाडं देतो, त्याचंही तसंच. अ देतो महिना ४०,०००, तिन्ही वर्षं तेवढेच. ब देतो ३६,०००, दरवर्षी १० टक्के वाढ. क देतो ३८,०००, दरवर्षी ५ टक्के वाढ. यावर जिन्यात कडाक्याची भांडणं होतात, "चार हजार कमी का घ्यायचे?" म्हणून. ३६ महिन्यांची बेरीज करा:

अ : १४,४०,००० रुपये
ब : १४,२९,९२० रुपये
क : १४,३७,५४० रुपये

सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत फरक १०,०८० रुपयांचा, तोही तीन वर्षांत. म्हणजे भाड्यावर मत द्यायचंच कारण नाही. इतका वेळ ज्या ओळीवर वाद झाला ती ओळ तक्त्यात सगळ्यात खाली जाणार.

तपासा : प्रत्येक ओळीतल्या आकड्यांना एकच एकक आहे का? एकच कालावधी आहे का? "टक्के" शब्द जिथे आहे तिथे "कशाचे" हे लिहिलंय का? तीनपैकी एकाचंही उत्तर "नाही" असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४ : गाळा, मग क्रम लावा

डबेवाल्यांच्या डब्याचं झाकण कधी हातात घेऊन पाहिलंय? मधोमध मोठा आकडा, तो उतरायच्या भागाचा. कडेला लहान खुणांत इमारत आणि मजला. जेवणाऱ्याचं नाव नाही, पूर्ण पत्ता नाही. चर्चगेटला डबे वेगळे करणाऱ्याला तेवढ्या क्षणी जे लागतं ते मोठं, शेवटच्या जिन्यावर लागणारं लहान, आणि कुणालाच न लागणारं गैरहजर. गाळणं म्हणजे हेच.

आता चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा. पहिला: तिन्ही ऑफरमध्ये जे सारखंच आहे. ते सगळं एका ओळीत, तक्त्याच्या बाहेर: "पार्किंग, लिफ्ट आणि स्थलांतराचा खर्च तिघांकडे सारखाच." अनेक जण इथे वीस ओळींचा तक्ता करतात, ज्यातल्या चौदा ओळींत तीनदा "होय" असतं. वाचणारा सहाव्या "होय"ला सोडून देतो, आणि पंधराव्या ओळीतला "नाही" त्याला दिसतच नाही. दुसरा ढीग: जे वेगळं आहे आणि निर्णय बदलू शकतं. हा तक्ता. तिसरा: वेगळं आहे, पण निर्णय बदलत नाही. हे मागच्या पानावर.

दुसऱ्या ढिगाचा क्रम लावताना कागदपत्रांतला क्रम विसरा. तो बिल्डरच्या वकिलाचा क्रम असतो. टप्पा २ मधले प्रश्न घ्या आणि जो सगळ्यात जास्त वेळा आला तो वर. आपल्या उदाहरणात पहिली ओळ जागेची नाही आणि भाड्याचीही नाही. पहिली ओळ आहे: "काम ३६ महिन्यांत झालं नाही तर?" अ लिहून देतो की ओसी, म्हणजे राहायला जायची महापालिकेची परवानगी, मिळेपर्यंत भाडं चालू राहील. क आणखी सहा महिने देईल. ब च्या कागदांत याबद्दल एक अक्षर नाही. दुसरी ओळ बँक गॅरंटीची, म्हणजे बिल्डरने शब्द मोडला तर बँक पैसे देईल या हमीची. तिसरी जागेची. इतक्या साध्या तीन ओळींवर सभेचा सूर बदलतो.

इशारा : "एक अक्षर नाही" हीसुद्धा माहिती आहे. तो चौकोन रिकामा सोडू नका, त्यात आडवी रेघही मारू नका. "कागदात लिहिलेलं नाही" असं शब्दांत लिहा. रेघ म्हणजे शून्य, लागू नाही की माहीत नाही, हे ज्याला त्याला वाटेल तसं घेतलं जातं.

टप्पा ५ : आता कुठे आकार

घाबरू नका, हा टप्पा वाटतो तितका मोठा नाही. अनेक गोष्टी अनेक बाजूंनी तोलायच्या असतील तर तक्ता. एकामागून एक करायच्या असतील तर क्रमांक दिलेल्या पायऱ्या. "असं असेल तर इकडे, तसं असेल तर तिकडे" असेल तर फांद्यांचा आराखडा. काळाबरोबर बदल दाखवायचा असेल तर रेषा. लहानमोठेपणा दाखवायचा असेल तर पट्ट्या, आणि पट्ट्या शून्यापासूनच सुरू करायच्या. गोल पोळीचे (पाय चार्टचे) तुकडे तीनच्या वर गेले की मी पट्ट्यांकडे वळते, कारण डोळ्यांना कोनापेक्षा लांबीचा अंदाज नीट येतो.

आकाराने केलेली फसवणूक कशी असते ते बघायचं तर पावसाळ्यातली तलावांची चित्रं घ्या. मुंबईला पाणी देणारे सात तलाव: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. चित्रात सात सारखे थेंब, प्रत्येकात निळा रंग टक्क्यांप्रमाणे भरलेला. तुळशीचा थेंब काठोकाठ, भातसाचा निम्मा. बघणाऱ्याला वाटतं, चला, बरं चाललंय.

पण सातही तलावांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाची सुमारे ७.१७ लाख, म्हणजे जवळजवळ निम्मी. तुळशीची ८,०४६. म्हणजे एकूण क्षमतेच्या अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. शहराला रोज साधारण ३,८५० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी जातं. हिशोबापुरतं बोलायचं तर तुळशी काठोकाठ भरला तरी ते पाणी सगळ्या शहराला दोन दिवसांचं. भातसा रिकामा असेल तर बाकीचे थेंब कितीही निळे असोत, कपात अटळ.

मग कसं दाखवायचं? सात थेंबांऐवजी एक लांब पट्टी, तिचे सात भाग क्षमतेच्या प्रमाणात. तुळशीचा भाग केसाएवढा बारीक होईल. होऊ द्या, तेच तर सांगायचं आहे. आणि खाली दशलक्ष लिटरऐवजी दिवस: "आजचा साठा अमुक दिवसांचा." दशलक्ष लिटर कुणालाच डोळ्यांसमोर येत नाही. पुढचा पाऊस किती दिवस दूर आहे, हे मात्र सगळ्यांना माहीत असतं.

इशारा : दुप्पट रक्कम दाखवायला नाण्याचं चित्र दुप्पट रुंद करू नका. रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि डोळा क्षेत्रफळ बघतो.

पुनर्विकासासाठी तक्ताच बरा. आडव्या ओळींत प्रश्न, उभ्या तीन रकान्यांत ऑफर. बिल्डरची बोधचिन्हं लावू नका. ज्याचं बोधचिन्ह देखणं, त्याची ऑफर चांगली वाटते.

टप्पा ६ : शब्द

लिफ्टशेजारी हमखास दिसणारी नोटीस घ्या:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेच्या अनुषंगाने येत्या रविवारी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या कालावधीत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे. तरी सभासदांनी आवश्यक तो साठा करून सहकार्य करावे ही विनंती."

चूक काहीच नाही. पण "पाणी" हा शब्द पहिल्यांदा येतो टाकीला चिकटून, आणि पाणी जाणार ही बातमी येते वाक्याच्या शेवटी. तोवर लिफ्ट आलेली असते. आता हीच:

"रविवारी पाणी नाही.
सकाळी ९ ते संध्याकाळी ५.
शनिवारी रात्रीच भरून ठेवा.
टाकीची सफाई आहे. पाणी आल्यावर सुरुवातीचं गढूळ पाणी सोडून द्या."

शेवटची ओळ मूळ नोटिशीत नव्हतीच. तीसहून जास्त शब्द खर्च करूनही जे लागणार होतं ते राहिलं होतं.

दुसरा नियम: एका गोष्टीला एकच नाव, दोन गोष्टींना दोन नावं. दादर स्टेशनवर पश्चिम आणि मध्य रेल्वे दोन्हीकडे प्लॅटफॉर्म १ पासूनच सुरू व्हायचे. "दादरला एक नंबरवर भेट" म्हणून सांगितलं की दोघं दोन बाजूंना उभे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूचे प्लॅटफॉर्म ८ ते १४ झाले, पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले. नवा पूल बांधावा लागला नाही, फक्त आकडे बदलले. तुमच्या तक्त्यात "सभासद", "सदनिकाधारक" आणि "फ्लॅट ओनर" ही एकच माणसं असतील तर एकच शब्द ठेवा. शैलीसाठी समानार्थी शब्द वापरायची सवय शाळेतल्या निबंधापुरती ठीक होती.

उगाच शुद्ध मराठीचा हट्टही नको. "भोगवटा प्रमाणपत्र" अधिकृत आहे, पण जिन्यात सगळे "ओसी" म्हणतात. पहिल्यांदा "ओसी, म्हणजे राहायला जायची महापालिकेची परवानगी" असं लिहा, पुढे ओसी. "कॉर्पस" तर अनेकांना बिल्डरचा निधी वाटतो. "प्रत्येक घराला मिळणारी एकरकमी रक्कम" असं लिहिलं की विचारणं थांबतं.

आणि आकडे. हा माझाच प्रताप. आमच्या इमारतीत मी मोठ्या झोकात देवनागरी आकड्यांत नोटीस लावली: "४ वाजता पाणी जाईल." वरच्या मजल्यावरच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाने वाचली आणि आजीला सांगितलं, आठ वाजता. आजीने निवांत पावणेपाचला नळ सोडला. देवनागरी ४ परक्या डोळ्याला इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि १ नऊसारखा. तेव्हापासून वेळ आणि तारीख असलेल्या नोटिशीत मी "दुपारी चार" असं अक्षरांतही लिहिते. तक्त्यात देवनागरी घ्या किंवा इंग्रजी, पण दोन्ही एकत्र कधीच नको.

टप्पा ७ : अक्षर, रंग, छपाई

इथे थोडक्यात उरकते, कारण इथेच लोक आधीच जास्त वेळ घालवतात.

देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. घरी वाचायच्या कागदाला अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको. भिंतीवरच्या कागदासाठी ढोबळ हिशोब: दहा फुटांवरून वाचायचं असेल तर शीर्षकाचं अक्षर साधारण एक इंच उंच. बारीक अक्षर फार ठळक केलं की "ष्ट", "द्ध" यांची पोकळी बुजते. मुंबईच्याच 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता हा फॉन्ट फुकट मिळतो, वेगवेगळ्या जाडीत आहे आणि लहान आकारातही नीट वाचता येतो.

फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की अगम्य चिन्हांचा चिवडा होतो. काही चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सेटिंग चालू नसेल तर "कि" ची वेलांटी उडी मारून क च्या पुढे जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. दुकानात मूळ फाइल न देता पीडीएफ द्या, आणि छापायच्या आधी त्यांच्या स्क्रीनवर स्वतः एकदा वाचा.

रंग एकच, तोही फक्त जिथे बघायला हवं तिथे. लाल-हिरव्यावर भिस्त नको: काहींना तो फरक दिसत नाही, आणि झेरॉक्समध्ये दोन्ही सारखेच करडे होतात. त्याहून गंभीर म्हणजे, कमिटीला आवडलेल्या ऑफरचा रकाना हिरवा करणं. तो मत मागणारा कागद झाला. कमिटीला शिफारस करायची असेल तर खाली सही करून शब्दांत करावी.

तपासा : काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स काढा. त्या झेरॉक्सचा फोनवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. तो न ताणता वाचता येतोय का?

टप्पा ८ : दाखवा, आणि गप्प बसा

बुधवारपर्यंत कच्चा कागद, गुरुवारी ती सांगून ठेवलेली माणसं. एकेकाला वेगळं बसवा. कागद हातात द्या आणि काहीही समजावू नका. इमारतीत तुम्ही प्रत्येकाच्या शेजारी उभ्या राहणार नाही.

"कळलं का?" असं कधीच विचारू नका. माणसं भिडेखातर "हो" म्हणतात. काम द्या: "क कडे गेलात तर तुमचं घर किती फुटांचं?" "चौथ्या वर्षी भाडं कोण कोण देणार?" "उद्या मुलाला फोन करून सांगायचं तर काय सांगाल?" उत्तरापेक्षा बोटाकडे लक्ष ठेवा. बोट ज्या ओळीवर मागेपुढे होतं, तिथे कागद अडखळतोय. एका काकांचं बोट "३६ महिने" वर तीनदा परत आलं. ते मनात भागाकार करत होते. "३ वर्षं" लिहिलं, बोट पुढे सरकलं.

सगळ्यात अवघड भाग हा की मधे बोलायची उबळ येते. "अहो, ते खाली लिहिलंय ना!" असं तोंडातून निघालं तर ती ओळ वर न्यायची, असा मी स्वतःला दंड लावून घेतला आहे.

चार जणांत बहुतेक मोठ्या चुका बाहेर येतात. दुरुस्त करा, आणि नव्या माणसाला दाखवा. त्याच माणसाला पुन्हा दाखवून उपयोग नाही, त्याला उत्तरं पाठ झालेली असतात.

टप्पा ९ : लावा, आणि काढा

खाली डाव्या कोपऱ्यात: तयार केल्याची तारीख, कितवी आवृत्ती, मूळ कागद कुणाकडे बघायला मिळतील. आकडा बदलला तर जुन्यावर पेनने खोडू नका, नवी आवृत्ती लावा आणि जुनी फाडून टाका. व्हॉट्सॲपवर जुना फोटो फिरत राहणारच, म्हणून आवृत्तीचा आकडा शीर्षकातच घाला: "ऑफर तुलना, आवृत्ती ३."

हे शिकायचं असेल तर

रीतसर शिकायचं असल्यास पवईत आयआयटीच्या आवारातलं आयडीसी हे डिझाइनचं विद्यालय आहे, तिथे पदवीला यूसीड आणि पदव्युत्तरला सीड या परीक्षांतून प्रवेश मिळतो. मुंबईच्या जे.जे. या कलासंस्थेत उपयोजित कला आहे. नुसती इन्फर्मेशन डिझाइन हीच शाखा घेऊन पदव्युत्तर शिक्षण एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू कॅम्पसमध्ये होतं. प्रवेशाच्या तयारीत अनेक जण फक्त रेखाटनाचा सराव करतात. हात चांगला असणं उपयोगी आहेच, पण वरचे पहिले चार टप्पे चित्रकलेशिवाय करता येतात आणि तिथेच बहुतेक जण कच्चे राहतात.

कोर्स नसला तरी सराव करता येतो. एक वही घ्या. आठवड्याला एक कागद: वीजबिल, औषधाची पट्टी, बँकेचा फॉर्म, बेस्टच्या थांब्यावरची पाटी. डाव्या पानावर तो चिकटवा किंवा उतरवा. त्याखाली टप्पा १ चं एक वाक्य: कोण, कुठे, काय ठरवणार. उजव्या पानावर पेन्सिलने तुमची मांडणी. मग ती एका माणसाला दाखवून एक प्रश्न विचारा आणि त्याला उत्तर सापडायला किती सेकंद लागले ते खाली लिहा. मूळ कागदावर दुसऱ्या कुणाला किती लागले तेही लिहा. कधी कधी मूळ कागद जिंकतो. तसं झालं की वही मिटू नका, तुमच्या मांडणीत कुठली ओळ चुकीच्या जागी गेली ते शोधा.

पहिल्या आठवड्यासाठी वीजबिल घेऊ नका, ते फार मोठं प्रकरण आहे. तुमच्या लिफ्टशेजारी आत्ता लागलेला सगळ्यात जुना कागद घ्या.